दुपट्टाविचार: अतिमानवाच्या पाठीवरील वस्त्राची वऱ्हाडी मीमांसा

प्रबंधाच्या आरंभी विषयाची मर्यादा सांगण्याचा शिरस्ता आहे, म्हणून सांगतो. सुपरमॅन कुठून आला, बॅटमॅन हसत का नाही, यावर जगात इतकं लिहून झालं आहे की त्यात यवतमाळ जिल्ह्याने भर घालायची गरज नाही. प्रस्तुत लेखकाचा प्रश्न एवढाच: पाठीवरचा तो दुपट्टा काय कामाचा? हा प्रश्न पडायला कापसाचा मुलूख लागतो. इथला माणूस एकाच दुपट्ट्याने घाम पुसतो, उन्हात तोच डोक्याला बांधतो, धुऱ्यावर तोच अंथरून भाकर खातो, येताना त्यातच सांभार-वांगी बांधून आणतो. आणि निवडणुकीच्या दिवसांत गळ्यात वेगळ्या रंगाचा दुपट्टा पडला की त्याचा पक्षही बदलतो. एवढा राबणारा कपडा ज्याने पाहिला आहे, त्याला नुसता फडफडणारा खटकणारच.

पूर्वेतिहास थोडक्यात. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर सुपरमॅनने अख्खी मोटार उचलली, तेव्हाच त्याच्या खांद्यावर लाल दुपट्टा होता. पुढच्या वर्षी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे महिन्याच्या अंकात बॅटमॅन आला, तोही पाठीला वटवाघळाचे पंख लावून. चित्रातला माणूस जागचा हलत नाही. त्याच्यामागे काहीतरी फडफडलं की तो वेगात असल्याचं वाचकाला पटतं, हे यामागचं इंगित. युक्ती चांगली, पण तिला वेगाची अट आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. तिच्या खिडकीला कुणी दुपट्टा बांधला असता, तर तो सरळ खाली लोंबला असता.

पुढे सुपरमॅनच्या चरित्रकारांना दुपट्ट्याच्या कुळाची चिंता लागली. ठरलं असं की बाळ क्रिप्टन ग्रहाहून ज्या पांघरुणांत गुंडाळून आलं, ती उसवून त्याला पृथ्वीवर वाढवणाऱ्या केंटबाईंनी पोशाख शिवला. म्हणजे वाकळच, फक्त उलट्या दिशेने. हे कापड फाटत नाही, जळत नाही, त्यातून गोळी जात नाही. १९८६ साली चित्रकथाकार जॉन बर्न यांनी ही समजूत मोडली. अंगाला चिकटलेला पोशाख शाबूत राहतो, कारण शरीराभोवतीचं वलय त्याला सांभाळतं. दुपट्टा मात्र वलयाबाहेर, म्हणून मारामारी झाली की त्याच्या चिंध्या. लेखकाच्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात प्रामाणिक संशोधन हेच. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘वॉचमेन’मध्ये डॉलर बिल नावाचा, बँकेनेच पगारावर ठेवलेला वीर आहे. दरोड्याच्या वेळी त्याचा दुपट्टा बँकेच्या फिरत्या दारात अडकतो आणि तो गोळी खाऊन मरतो. मोटरसायकलच्या चाकात ओढणी गेलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रसंगावर भाष्य नको.

देशी शाखेचं कौतुक इथे करायलाच हवं. विदर्भातल्या एस.टी. स्टँडांवर ज्या हिंदी कॉमिक्सवर आमची पिढी पोसली, त्यांतला नागराज (१९८६, सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची) दुपट्टा घेत नाही. सुपर कमांडो ध्रुव घेत नाही, मुंबईचा डोगा घेत नाही. ‘इंद्रजाल’मधून आलेला वेताळ परदेशी, पण जंगलात काटे असतात हे त्यालाही कळतं. २००४ मध्ये मुंबईत पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन अवतरला, तो तर धोतर नेसून. इमारतींवरून उड्या मारताना त्याचा कासोटा सुटला नाही, यावर स्वतंत्र प्रबंध व्हावा.

आता अलीकडच्या अंकांकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ सुरू झाला. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही. मास्तराचा मुलगा, पेशाने इंजिनियर. वाडा नाही, नोकर नाही, आणि लक्षात घ्या, दुपट्टा कामाला लागला. त्याचे पट्टे सुटे होतात, हातांसारखे वळतात, पकडतात, मारतात. छातीवरचं वटवाघूळ उपटलं की कुऱ्हाड होते. पुढच्याच महिन्यात जेसन ॲरन आणि राफा सँडोवाल यांचा ‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’ आला. त्याचे आईबाप क्रिप्टनवरच्या कष्टकरी वर्गातले, तो पृथ्वीवर राबणाऱ्यांच्या बाजूने उभा, आणि त्याचा दुपट्टा कापडाचा नसून उडत्या लाल धुळीचा. असा दुपट्टा वणीच्या कोळसा रस्त्यावर कोणालाही फुकट मिळतो, फक्त काळा. तरी निष्कर्ष ठाम आहे: नायक गरीब झाला आणि शहाऐंशी वर्षं बेकार असलेला दुपट्टा कामावर रुजू झाला. पैसेवाल्याला त्याचा उपयोग कधी शोधावाच लागला नव्हता.

२०२४ मध्येच सुरू झालेल्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये बायको-मुलांचा पीटर पार्कर आहे. मालिका उत्तम, पण दुपट्ट्याविना. सबब आमच्या कक्षेबाहेर.

थोडं गणित. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद दुपट्टा, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं कापड धरलं, तर लागते ७५० ग्रॅम रुई. सूतगिरणीची घट सोडून देऊ. कापसातून साधारण ३४ टक्के रुई निघते, म्हणजे सव्वादोन किलोच्या आत-बाहेर कापूस. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये; तो मिळाला, तर सुपरमॅनच्या पाठीवरच्या कापसाचे शेतकऱ्याला सुमारे १७९ रुपये होतात. त्या दुपट्ट्याचं चित्र असलेला एक अंक अमेरिकेत पाच डॉलरच्या आसपास, म्हणजे चारशे रुपयांवर विकला जातो. कापसापेक्षा कापसाचं चित्र महाग, हा सिद्धांत आमच्या जिल्ह्यात नवा नाही.

हे सगळं घाटंजीच्या मामांना वाचून दाखवलं. त्यांचं पूर्वपक्षीपण जन्मजात आहे.

“मंग तो पहिलावाला दुपट्टा, ज्याच्यातून काहीच जात नाही म्हन्ते, तो तोंडाले बांधता येते का?”

“येईल की मामा. का?”

“फवारणीले.”

२०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तोंडाला बांधायला बहुतेकांकडे दुपट्टाच होता, कापसाचा, वलयाबाहेरचा. मी मामांना सांगितलं की जुन्या सुपरमॅनच्या दुपट्ट्यातून बंदुकीची गोळी जात नाही.

“गोळीचं कुठी विचारलं बाप्पा? औषधाचं विचारलं.”

आक्षेप ग्राह्य धरून प्रबंधात नोंदवला आहे. उत्तरपक्षाची जागा कोरी सोडली आहे.