सभासद क्रमांक सांगा

मुंबईतल्या मराठी माणसाला सभासद व्हायला फारसं कारण लागत नाही. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. तेव्हापासून वर्गणी देणं आणि वर्गणीच्या हिशेबावर शंका घेणं ही दोन्ही कर्तव्यं आपण सारख्याच निष्ठेने पार पाडत आलो आहोत. पतपेढी, भिशी, दादरचं ग्रंथसंग्रहालय, गावकऱ्यांचं मुंबई मंडळ आणि चाळ पाडून टॉवर उभा राहिला की सोसायटी. माझ्या पाकिटात नोटांपेक्षा कार्डं जास्त. त्यात यंदा एका डॉक्टरची भर पडली.

म्हणजे भाचीने वर्षाची रक्कम भरून मला एका कंपनीचा सभासद करून टाकलं. हवा तेव्हा फोन, हवा तेव्हा व्हिडिओवर डॉक्टर, रक्त न्यायला माणूस घरी. "मामा, आता तुझा स्वतःचा डॉक्टर! आता तरी कुरकुर बंद कर."

कुरकुरीला कारण होतं. गुडघा दुखतो म्हणून मी एका चकचकीत रुग्णालयात गेलो होतो. नाव कशाला घ्या. काउंटरवर पहिला प्रश्न आला, "कॅशलेस का?" कुठे दुखतंय हा प्रश्न पुढच्या कुठल्याच खिडकीवर आला नाही. डॉक्टर माझ्याशी बोलत होते, पण डोळे पडद्यावर. मी मध्येच "आई गं" म्हणालो, तेही त्यांनी टाइप केलं असावं. तपासण्यांची यादी हातात घेऊन मी लंगडत लिफ्टमध्ये शिरलो, तेव्हा लिफ्टमनने विचारलं, "काका, कुठला गुडघा?" त्या इमारतीत गुडघ्याची चौकशी करणारा तो एकटाच.

परळच्या केईएममध्ये असं झालं तर राग येत नाही. १९२६ पासून ते रुग्णालय अख्ख्या महाराष्ट्राला, आणि त्यापलीकडच्यांनाही, केसपेपर देत आलं आहे. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरने मान वर केली नाही तर आपण फक्त मागे वळून रांग पाहायची. त्याचीच दया येते. पैसे मोजूनही कोणी पाहिलं नाही, की मात्र आत कुठेतरी ठसठसतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले खरे, पण "माझ्या गुडघ्याला हात लावला नाही" एवढ्यावर कोण दावा लावणार?

भाचीला वाटतं, ठरावीक पैशात वर्षभर डॉक्टर ही अमेरिकेहून आलेली नवी टूम आहे. मी तिला म्हटलं, अगं, तुझे आजोबा लालबागला असताना हेच होतं. फक्त त्याला पॅनेल डॉक्टर म्हणायचे.

कामगार राज्य विम्याचा कायदा झाला १९४८ साली. योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. कामगाराच्या पगारातून थोडं कापायचं, मालकाने आपला वाटा घालायचा. कामगाराने गल्लीतल्याच एखाद्या खाजगी डॉक्टरकडे नाव नोंदवायचं आणि सरकारने त्या डॉक्टरला नोंदलेल्या डोक्यांमागे ठरावीक रक्कम द्यायची. तुम्ही रोज जा नाहीतर वर्षभर फिरकू नका, त्याचे पैसे तेवढेच. ही युक्तीही मूळची आपली नव्हे. इंग्लंडात लॉइड जॉर्जने १९११ च्या कायद्यात ती बसवली होती. दुखणं मोठं असलं, की परळचं महात्मा गांधी रुग्णालय होतं.

यातली गोम कामगारांनी पहिल्याच वर्षी ओळखली असणार. डोक्यामागे पैसे मिळाले, की डॉक्टरच्या दृष्टीने उत्तम पेशंट कोण? जो येत नाही तो. रोख देणारा पडद्याआड लवकर जायचा आणि पॅनेलवाला बाकावर बसून राहायचा, अशी तक्रार वडील घरी येऊन करत. सर्दी असो की पोटदुखी, बाटलीतलं औषध त्याच रंगाचं, हीही.

पण आमचे पॅनेल डॉक्टर खोकला ऐकून गिरणीतलं खातं सांगायचे. कार्डिंगमध्ये कापसाची धूळ छातीत जाते आणि सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. म्हणून त्यांच्या दवाखान्यात सोमवारी दोन प्रकारची माणसं येत. एकाची छाती खरोखर भरलेली, तर दुसऱ्याला रविवार जास्त झालेला. दोघांनाही सर्टिफिकेट हवं असायचं, कारण त्यावर आजारपणातले पैसे मिळत. डॉक्टर नाडीसुद्धा न पाहता दोघांना वेगळं काढायचे. त्यांच्यासमोर संगणकाचा पडदा नव्हता, पण पंधरा-वीस वर्षं तीच माणसं समोर बसत होती.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचे पुढारी दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते, हे सहज आठवलं म्हणून सांगतो. पगारच बंद झाला, तर त्यातून कापणार काय? ज्या दिवसांत डॉक्टरची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवसांत ते कार्ड नुसता पुठ्ठा होऊन बसलं.

दादरकरांनी वेगळी वाट काढली होती. साठच्या दशकात डॉ. रणदिवे यांच्या पुढाकाराने रानडे रोडवर शुश्रूषा हे नागरिकांचं सहकारी रुग्णालय उभं राहिलं. डॉक्टरांनी भाग घेतले, साध्या नागरिकांनीही घेतले. आता सहकारी म्हटलं, की अहवाल आला, ताळेबंद आला, वार्षिक सर्वसाधारण सभा आली आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषयही आले. सलाइनची बाटली आणि भागभांडवल एकाच छपराखाली, हे दादरलाच सुचू शकतं. तिथे सभासद आजारी पडला तरी मालकच. मला ही कल्पना अजूनही पॅनेलपेक्षा आणि भाचीच्या कंपनीपेक्षा श्रेष्ठ वाटते.

कंपनीबद्दल तक्रार नाही म्हणा. पहिल्याच फोनवर एक तरुण डॉक्टरीण बाई अर्धा तास बोलल्या. झोप, जेवण, घरी कोण असतं, सगळं विचारलं. गुडघा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. मी इतका खूश झालो, की गुडघा दुखायचा राहिला. पुढच्या वेळी दुसरेच डॉक्टर आले आणि म्हणाले, "तुमची सगळी माहिती माझ्यासमोर आहे." होती, त्यात माझा गुडघा मात्र डावा झाला होता.

मी कस्टमर केअरला फोन लावला. "सभासद क्रमांक सांगा," मुलगा म्हणाला. सांगितला. "आपली वार्षिक सभा कधी असते?" मी विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, फीडबॅकला एक ते पाच तारे देता येतात."

एवढ्यावर आमच्या टॉवरमध्ये कोण गप्प बसेल? चौकशी केली, तर याच कंपनीचे आणखी सहा सभासद निघाले. येत्या रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात सभा आहे. विषयपत्रिका लिफ्टपाशी लावली आहे. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मागची सभा झालेलीच नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्या इतिवृत्तावर लेखी हरकत आजच आणून दिली.