दीक्षित, दिवेकर आणि उरलेला भात

पूर्वी सोयरीक जुळवताना गाव विचारायचे, कुलदैवत विचारायचे. हल्ली नुसतं जेवायला बोलवायचं म्हटलं तरी विचारावं लागतं, ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ उत्तर आल्याशिवाय बेत ठरत नाही. दीक्षित असले तर बरोब्बर एक वाजता पानावर बसणार, आणि त्याआधी त्यांच्यापुढे चिमूटभर चिवडासुद्धा ठेवायची सोय नाही. दिवेकर असल्या तर आल्या आल्या पर्समधून शेंगदाण्यांची डबी काढणार, कारण त्यांचे दोन तास नेमके आपल्या जिन्यातच भरलेले असतात. या दोघांना एका पंगतीला बसवायचं म्हणजे घरच्या बाईची सत्त्वपरीक्षा. अशात एखादा ‘छे हो, मी सगळं खातो’ म्हणाला की त्याची दृष्ट काढावीशी वाटते.

ही दोन घराणी ठाऊक नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण, तरी नोंद असावी म्हणून सांगते. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, हा विचार मूळचा नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. पदव्यांच्या ढिगासाठी प्रसिद्ध होते, तेच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो उचलला, त्याला रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची जोड दिली आणि गावोगाव व्याख्यानं देत घराघरांत पोचवला. त्यामागचं तर्कशास्त्र सोपं आहे. काहीही तोंडात टाकलं की इन्सुलिन पाझरतं, ते वाढलेलं असेपर्यंत साठवलेली चरबी जागची हलत नाही, म्हणून तोंड उघडण्याच्या वेळाच कमी करा. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा, बस.

ऋजुता दिवेकरांचं म्हणणं बरोबर उलटं. करीना कपूरच्या ‘टशन’मधल्या ‘साइझ झिरो’मुळे २००८ साली त्यांचं नाव सगळीकडे झालं, पुढच्याच वर्षी त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. उपाशी राहू नका, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, आजी खायची ते खा, भात खा, तूप खा. तूप खा! वर्षानुवर्षं तुपाच्या भांड्याकडे चोरट्या नजरेनं बघणाऱ्या बायकांना कुणीतरी राजरोस परवानगी दिली. दिवेकरांच्या लोकप्रियतेचं निम्मं श्रेय मी त्या तुपाला देते. उरलेलं निम्मं दीक्षितांना, कारण त्यांनी बाकी सगळं बंद करून ठेवलं होतं.

२०१८ च्या आसपास हा वाद इतका तापला की व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘सुप्रभात’सुद्धा मागे पडले. टिळक की आगरकर, लता की आशा, गावसकर की तेंडुलकर या मालिकेत हा नवा सामना लागला आणि आधीच्या सगळ्यांपेक्षा रंगला. कारण उघड आहे. आगरकरांवर बोलायला थोडं तरी वाचावं लागतं. आहारावर बोलायला पोट असलं की पुरे.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका कट्टर दीक्षित. जेवायला बसताना मोबाइल ताटाशेजारी उभा करतात आणि ५५ मिनिटांचा टायमर लावतात. पहिली दहा मिनिटं काकडी, टोमॅटो, उसळ, अगदी शिस्तीत. मग पोळीभाजी, मग वरणभात, मग ताकाचा पेला. आता उठतील असं वाटतं, तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावर जाते. ‘अजून बारा मिनिटं आहेत की! श्रीखंड आहे म्हणालात ना?’ काकू स्वयंपाकघरातून वाटी घेऊन येतात. शेवटच्या मिनिटाला त्यांचा हात लाडवाच्या डब्यात असतो आणि टायमर वाजला की ते तोंडात लाडू असताना खुणेनं सांगतात, ‘झालं!’ डॉ. दीक्षितांनी गोड कमी आणि प्रथिनं जास्त असं स्वच्छ सांगितलं आहे. पण काकांपर्यंत त्यातला घड्याळाचाच भाग पोचला. वैशाख-ज्येष्ठात तर हापूसची अख्खी पेटी या ५५ मिनिटांच्या आश्रयाला येते.

तिकडे काकू दिवेकर. त्यांचं पाळणं अधिक सोशिक, आणि मला विचाराल तर अधिक धोक्याचं. दर दोन तासांनी थोडं खायचं, यातलं ‘दर दोन तासांनी’ लक्षात राहतं आणि ‘थोडं’ निसटतं.

बाकीची घराणी लहान आहेत, पण आवाज मोठा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं पोळी सोडली आणि पनीर धरलं. हा कीटो आहार १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला गेला होता, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘मावशी, सगळ्या चांगल्या गोष्टी आधी दुसऱ्याच कशासाठी असतात.’ असेल. परवा जेवायला आला तेव्हा अळूच्या फदफद्याकडे टक लावून त्यानं विचारलं, ‘ह्यात कार्ब्ज किती असतील गं?’ मी म्हटलं, ‘अळू खाजरं नाही, एवढं मी सांगू शकते.’ आणखी एक संप्रदाय आहे गुळाचा. ‘साखर नाही हो, गूळ घातलाय’ असं म्हणत ही मंडळी तिसरी पुरणपोळी वाढतात. गुळात आणि साखरेत उष्मांक जवळजवळ सारखेच, पण गुळाचा रंग प्रामाणिक दिसतो, त्याला कोण काय करणार! आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा तर आपला सगळ्यात जुना डाएट प्लॅन. त्यात साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, वर तूप, बाजूला बटाट्याचा कीस. हा उपास मोडायला दुसऱ्या दिवशी पचनशक्ती लागते.

खाण्यावर एकमत होत नाही असं दिसलं की चर्चा व्यायामावर येते. इथे गणित जरा निर्दय आहे. सत्तर किलोच्या माणसानं साडेचार किलोमीटर झपझप चालून साधारण २०० ते २५० किलोकॅलरी जळतात. एका वडापावात जवळपास तेवढ्याच किंवा थोड्या जास्तच बसतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. म्हणजे महिनाभर रोज चालावं आणि रस्त्यात एकही वडापाव भेटू नये, तेव्हा कुठे किलो उतरणार. पण चालण्याच्या वाटेवर वडापाव नाही असा रस्ता महाराष्ट्रात अजून बांधलेला नाही. पुण्यात रविवारी पहाटे आतकरवाडीकडून सिंहगड चढणारी शेकडो माणसं बघा. घाम पुसत, श्वास मोजत, काठ्या टेकत वर पोचतात आणि पहिलं काय करतात? पिठलं-भाकरी, खेकडा भजी, मडक्यातलं दही. गड उतरताना एकजण दुसऱ्याला सांगत असतो, ‘आज दोन हजार पावलं जास्त झाली.’

या पावलांचीही गंमत आहे. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरला असेल असं वाटतं. तो आला १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून. त्या यंत्राचं नावच ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. चालणं चांगलंच, त्याहून कमी चाललं तरी फायदा होतो. पण रात्री साडेअकराला दिवाणखान्यात सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालून उरलेली चारशे पावलं भरणाऱ्या गृहस्थांना हे सांगायची माझी छाती नाही.

आपल्याकडे यंत्र नव्हतं तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते. राजेसाहेब स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांमधून पोरांकडून घालून घेतले. मुख्य म्हणजे त्यांचा हेतू वजन घटवण्याचा नव्हता, अंगात ताकद यावी हा होता. तालमीतला वस्ताद पोराला जोर-बैठका मारायला लावायचा तेही वजन वाढावं म्हणून. व्यायामानं माणूस कमी व्हावा ही कल्पना आपल्या आखाड्यांना नवीन आहे. मला जुनी कल्पना जास्त आवडते. व्यायामानं झोप लागते, गुडघे धड राहतात, जिना चढवतो, साखर आटोक्यात राहते. त्याच्याकडून काट्यावरचा आकडाही हलवून मागणं म्हणजे एकाच सुनेकडून नोकरी, स्वयंपाक आणि मंगळागौरीचे खेळ मागण्यासारखं आहे.

आणि आकड्याचं तरी काय घेऊन बसलात? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी तंतोतंत. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून मात्र लोण्याचा गोळा, हे आपलं भारतीय वैशिष्ट्य. म्हणून तर आपल्यासाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली आहे, आणि पोटाचा घेर पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० च्या आत ठेवायला सांगतात. हे वाचल्यापासून मी काट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातल्या टेपवर जास्त विश्वास ठेवते. काटा बाथरूममधल्या एका फरशीवर जास्त दाखवतो, दुसरीवर कमी. त्यापेक्षा रेल्वे स्टेशनावरचं ते रंगीत दिव्यांचं यंत्र बरं होतं. नाण्यात वजन तर कळायचंच, वर तिकिटावर भविष्यही छापून मिळायचं.

मग दीक्षित बरोबर की दिवेकर? नेमका हाच सामना कुणी शास्त्रीय पद्धतीनं लावून पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही, पण त्याच्या जवळचा एक झालाय. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ माणसांना दोन गटांत वाटलं, एकाला कमी स्निग्धांश, दुसऱ्याला कमी कर्बोदकं, आणि वर्षभर पाठपुरावा केला. २०१८ साली निकाल आला. सरासरी एका गटाचं वजन ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोनं. शास्त्राच्या हिशेबात बरोबरी. फरक होता तो गटांच्या आत. दोन्हीकडे कुणाचं भरपूर उतरलं, कुणाचं उलट वाढलं. म्हणजे पंथ कुठलाही घ्या, प्रश्न पाळण्याचा आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कुठलाही पंथ धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे दोन्ही घराण्यांना मान्य व्हावं.

आता पाळण्याची खरी जागा कुठली, ते कुठल्याच पुस्तकात नाही. ती ओट्यापाशी आहे. रात्री दहा वाजता सगळे उठून गेलेले असतात. पातेल्याच्या तळाशी अडीच घास भात आहे, फ्रीजमध्ये ठेवायला फार कमी, टाकून द्यायला फार जास्त. कढईच्या कडेला बटाट्याची खरपूड लागलेली आहे. नातवानं अर्धी पोळी तूपसाखर लावून तशीच ठेवली आहे. ‘अन्न टाकू नये’ हे बाळकडू. मग घरची बाई उभ्या उभ्या, एका हातानं ओटा पुसत, ते सगळं संपवते. ताट नाही, वाटी नाही, म्हणजे जेवण नाही. दीक्षितांच्या हिशेबात ती तिसरी वेळ आहे, दिवेकरांच्या हिशेबात भूक नसताना खाल्लेलं, कॅलरी मोजणाऱ्यांच्या वहीत ते चढतच नाही. काकूंचं वजन का हलत नाही याचा शोध घेत काका गेली कित्येक वर्षं इन्सुलिनवरचे व्हिडिओ बघताहेत. त्यांनी एकदा दहा वाजता स्वयंपाकघरात डोकावावं.

त्यात एका घरात चार माणसांचे चार आहार असले की उरणारे तळ चौपट. भाच्याचं पनीर, सुनेची क्विनोआ खिचडी, काकांची उसळ, सासूबाईंची मऊ पेज. डाएट चौघांचं, ते संपवणारं पोट एकच.

आणि समजा इतकं सगळं करून एखादीचं वजन खरंच उतरलं. लग्नाला गेलं की पहिली आत्या हनुवटीला हात लावून म्हणणार, ‘अगं, किती वाळलीस! बरं नाहीये का तुला?’ आणि पाठोपाठ जिलबी. ‘एकानं काय होतंय?’ या तीन शब्दांनी महाराष्ट्रात जेवढी डाएट्स मोडली तेवढी चॉकलेटनं किंवा बर्गरनं मोडली नसतील. नको म्हटलं तर वाढणारीचा अपमान, हो म्हटलं तर दुसरी तयार असते.

तर वाचकहो, दीक्षित-दिवेकर वाद खुशाल चालू द्या, तो मनोरंजक आहे आणि त्यात कॅलरी नाहीत. माझी विनंती साधी आहे. घरात ज्यानं नवा आहार सुरू केला असेल त्यानं रात्री ओटा आवरायला जावं आणि उरलेला भात स्वतः डब्यात भरून ठेवावा. सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो, आणि तो बसून, ताटात घेऊन, सगळ्यांनी वाटून खावा. पाहुणे ‘पुरे’ म्हणाले तर आणखी एकदा विचारा. तिसऱ्यांदा विचारू नका.