अजून दोनदा निघेल

लॅपटॉपचा चार्जर तापतोय हे मी घरातही बोललो नव्हतो, पण तळमजल्यावरच्या काकांना कसा कोण जाणे वास लागला. असे काका प्रत्येक सोसायटीत एक असतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. 'नवीनच घेतो' म्हटलं की चेहरा असा करतात, की जणू आपण आईला वृद्धाश्रमात टाकायला निघालोय.

आधी त्यांनी ठोकळ्याच्या कपाळावर हात ठेवला. "हा कोमट आहे. ६५ वॅट पुरवायचे तर सात-आठ वॅट अंगावर घेतोच बिचारा. गादीवर ठेवतोस ना याला?" मी मान खाली घातली. मग पिनेला बोट लावलं आणि तेच बोट झटकन तोंडात घातलं. एवढं समाधान मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"पिन!"

"पण काका, मीटर तर १९ व्होल्ट दाखवतोय."

"लोड नसताना दाखवणारच! डेपोतल्या रिकाम्या बसमध्ये कोणालाही खिडकी मिळते."

मग पोह्यांची बशी सरकवून कॅलेंडरच्या पाठीवर गणित. करंट ३.४ अँपिअर, त्याचा वर्ग साडेअकरा. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम धरला तरी जवळजवळ सहा वॅट उष्णता, तीही शेंगेएवढ्या जागेत. वायर पिनेच्या मानेशी वाकून वाकून आतल्या तारा तुटलेल्या, उरलेल्या चार-दोन तारांवर सगळा संसार. काकांचं निदान चुकत नाही, हाच तर खरा ताप आहे.

श्रीखंडाच्या डब्यातून तपकीर गल्लीतल्या पिना निघाल्या. बाहेरून सगळ्या साडेपाच मिलिमीटर, पण आतलं भोक कुणाचं २.१, कुणाचं २.५. "२.१च्या खुंटीवर अडीचची बसवलीस तर सैल राहते, पुन्हा तापते," असं बजावत त्यांनी सोल्डर लावला. आत प्लस, बाहेर मायनस, हे मात्र तीनदा तपासलं.

दुरुस्ती चोख. फक्त तुटका भाग काढताना काका चार बोटं चांगली वायरही कापतात, "सेफ्टीसाठी". आतापर्यंत पाच वेळा झालं. लॅपटॉप टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून स्टुलावर, असा प्लगाकडे सरकत स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोचलाय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या खांद्यावरून मिक्सर डोकावतो.

परवा पिन पुन्हा गरम लागली. काकांनी उरलेली वायर वितीने मोजली.

"अजून दोनदा निघेल."