पहारेकऱ्याला उठवणे
देखरेख करणारी सेवाच झोपली तर तिला उठवायचे कोणी, हा प्रश्न बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या गळ्यात असतो. ‘एनेबल’ म्हटले की मशीन सुरू होताना हजर राहण्याचा हुकूम सेवेला मिळतो. आत्ता मात्र ती ढिम्म हलत नाही. त्यासाठी ‘नाऊ’ वेगळे लिहावे लागते, थेट सरकारी खाक्या. ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑलवेज’ लिहिले की पडलेली सेवा १०० मिलिसेकंदांनी पुन्हा उभी. पण या ‘ऑलवेज’लाही मुदत आहे. मूळ सेटिंगनुसार १० सेकंदांत ५ वेळा उठवून झाले की सिस्टमडी हात टेकते आणि ‘फेल्ड’चा शिक्का मारते. कॉन्फिगमधली एक चुकलेली ओळ एवढ्याला पुरते. ही बातमी कळवण्याचे काम अर्थातच त्या पडलेल्या सेवेकडे असते.