दुसरी पंगत, पावणेनऊ

मंठ्यापासून समुद्र किती लांब, असं कुणी विचारलं तर आमच्याकडं दोन उत्तरं आहेत. खरा समुद्र मुंबईचा, साडेचारशे किलोमीटरच्या पुढं. आणि नुसतं खारं पाणीच बघायचं असेल तर लोणार, गाडीनं जेमतेम पाऊण तास. आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे लोणारचं. त्यामुळं पुण्याच्या दाजींनी फोनवर "या दिवाळीत आपण सगळे क्रूझवर जायचं" असं जाहीर केलं, तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तिथं बी उल्का पडली होती का?"

मुंबई ते गोवा आणि परत मुंबई, दोन रात्री. दाजी हौशी माणूस. "खाणं सगळं तिकिटातच आहे. चारदा खा, आठदा खा, कुणी विचारणार नाही," असं त्यांनी तीनदा सांगितलं. आई म्हणाली, "फुकट जेवायला समुद्रात कशाला जावं लागतंय? लग्नसराई मेली का?"

कोकणातल्या माणसाला बोटीचं अप्रूप नसतं. त्यांच्या आज्या-पणज्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून, ओकत ओकत गावी गेल्या. आम्ही टँकरच्या मुलखातली माणसं. पाणी आमच्याकडं येतं. आम्ही पाण्यात जात नाही.

तर जहाज. निघायच्या आठ दिवस आधी दाजींचा पुन्हा फोन. रात्रीच्या जेवणाच्या दोन बैठका असतात म्हणे, एक साडेसहाची, एक पावणेनऊची. हॉलमध्ये एका वेळी निम्मीच माणसं मावतात, म्हणून अर्धे आधी आणि अर्धे नंतर. मला यात नवीन काही वाटलं नाही. मंडपात पत्रावळी शंभर आणि वऱ्हाड तीनशे असलं की आम्हीही हेच करतो. फक्त त्याला पंगत म्हणतो. पहिल्या पंगतीला लेकरं, म्हातारी माणसं आणि नवरीकडचे ज्यांना एसटी गाठायची असते ते. शेवटच्या पंगतीला वाढपी आणि नवरीचा बाप. हा क्रम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडून बघा.

दाजींनी तो मोडला. साडेसहाला जादूचे प्रयोग होते आणि ते दाजींना बघायचे होते, म्हणून परस्पर दुसरी पंगत घेऊन मोकळे झाले. कार्डावर छापून आलं, पावणेनऊ. आता आमच्याकडं पत्रिकेत 'भोजन ११ ते आपल्या आगमनापर्यंत' असं छापतात. हे वाक्य ज्याला सुचलं तो माणूस मोठा होता. त्यात घड्याळ आहे आणि माणुसकीही आहे. जहाजाच्या कार्डावर मात्र पावणेनऊ होतं, आणि त्यांना खरोखरच पावणेनऊ म्हणायचं होतं.

आमचं लेकरू दिवेलागणीला जेवतं. बाहेरचा बल्ब लागला की ते स्वयंपाकघरात येऊन पाट ओढतं. वरणात कुस्करलेली भाकर, वर तुपाचा थेंब, बाजूला उकडलेल्या बटाट्याच्या तीन फोडी. दोन नाहीत, चार नाहीत. साडेसातला डोळे जड, आठला गाढ. शिवाय मंठा मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळं आमचा सूर्य मुंबईच्या आधी पंधरा-एक मिनिटं मावळतो. म्हणजे पोराचं पोट आधीच मुंबईच्या पुढं, आणि जहाज चाललेलं मुंबईच्याही खाली, पश्चिमेच्या पाण्यातून. हा हिशेब मी दाजींना समजावून सांगितला. ते म्हणाले, "अरे, तिथं गेल्यावर ॲडजस्ट होतो."

आईचा ॲडजस्ट या शब्दावर विश्वास नाही. तिनं धपाटे केले. बावीस. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण. फडक्यात बांधलेले, सोबत शेंगदाण्याच्या चटणीची डबी. परतूरहून रात्रीच्या गाडीनं निघालो तेव्हा डबाभर लसणाचा वास पसरला होता आणि समोरच्या बर्थवरचे गृहस्थ कसनुसं हसत होते. त्यांना दोन दिले. उरले वीस.

बंदरावर सामान यंत्रातून गेलं आणि यंत्र थांबलं. तपासणीच्या माणसानं पिशवी उघडली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, फक्त तान्ह्या बाळांचं चालतं, असं तो समजुतीनं म्हणाला.

"हे तान्ह्याचंच हाय," आई म्हणाली.

त्यानं आमच्या चिरंजीवांकडं पाहिलं. चिरंजीव त्या वेळी सामानाच्या ट्रॉलीवर उभे राहून तिसऱ्याच कुणाची तरी बॅग ढकलत होते.

"तान्ह्याला वीस?"

"वाढीचं अंग हाय."

तो हसला, पण नियम हा नियम. बरीच घासाघीस होऊन सहा धपाटे सुटले, चौदा राहिले. आई पुढं दोन दिवस त्या चौदांची आठवण माहेरच्या माणसांसारखी काढत होती.

मी तिला गांधीजींचं सांगितलं. १८८८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून बोटीनं विलायतेला निघाले, तेव्हा काटा-चमचा धरता येईना आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची लाज वाटे, म्हणून टेबलावर न जाता बहुतेक घरून नेलेली मिठाई आणि फळं खोलीतच खात राहिले. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आई म्हणाली, "त्यांच्या आईनं दिलेलं कुणी काढून घेतलं नाही मग." या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना डेकवर बोलावतात. संकट आलं तर कुठं उभं राहायचं, जॅकेट कसं बांधायचं, ते दाखवतात. मग भोंगा वाजतो, सात आखूड आणि एक लांब. सातवा वाजला तशी आईनं पदर खोचला आणि लेकराचा हात धरला. "चल, जेवायला बोलावलंय." तिला मागं आणायला दोन कर्मचारी लागले. तिचं म्हणणं आजही असं आहे, की एवढा मोठा भोंगा माणसं जेवायला बोलावण्याशिवाय कुणी कशाला वाजवेल?

पहिली रात्र. साडेसहाला पोरानं पाट शोधायला सुरुवात केली. आम्ही त्याला जादूच्या प्रयोगाला नेलं. जादूगारानं टोपीतून कबुतर काढलं, तेव्हा हे मोठ्यानं म्हणालं, "भाकर काढ." सव्वासातला त्यानं दाजींच्या खिशातली बडीशेप संपवली. आठला बाहेरच्या गॅलरीत अंधार, वारा, खाली काळं पाणी, दाजी म्हणाले, "बघ, समुद्र!" त्यानं बघितला आणि रडला.

पावणेनऊला आम्ही पांढऱ्याशुभ्र टेबलाशी बसलो. आणि इथं मला पंगतीची थोरवी कळली. पंगतीत तुम्ही बसायच्या आधीच पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हजर असते; मग भात, वरण, भाजी, पोळी धडाधड येतात. भुकेल्या माणसाला वाट बघायला कुणी लावत नाही. जहाजावर प्रत्येक पदार्थ वेगळा येतो, आणि एक उचलून नेल्याशिवाय दुसरा येत नाही. आधी पावाचा तुकडा. दहा मिनिटं. मग सूप. लेकरानं चमच्यानं ढवळून बघितलं आणि म्हणालं, "आई, वरण पातळ झालं." मग वाढप्यानं कौतुकानं त्याच्यासमोर रुमालाचा ससा करून ठेवला. सशाकडं बघता बघता त्याची मान डुलायला लागली. पनीर आलं तेव्हा हातात काटा उभा, काट्याला काही नाही, आणि डोकं सशावर टेकलेलं. वाढपी हळूच म्हणाला, "साहेब, याचं डेझर्ट पॅक करून देऊ का?" त्या माणसाला देव उदंड आयुष्य देवो. बाकीचं जेवण मी एका हातानं जेवलो, कारण दुसऱ्या हातावर सोळा किलोचं लेकरू होतं.

साहेबाच्या जमान्यात मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींवर मुलांना मोठ्यांच्या रात्रीच्या टेबलावर येऊच देत नसत. त्यांना संध्याकाळी लवकर, आयांच्या ताब्यात, वेगळं जेवू घालत. इंग्रजाला पोरं डोळ्यांसमोर नको असायची म्हणून त्यानं ही सोय केली, आणि चुकून बरोबर केली.

रात्री पावणेबाराला खोलीत आवाज. "भूक लागली."

खोली म्हणजे आमच्या घरच्या कोठीएवढी. खाली दोन पलंग, भिंतीतून ओढायचे वर दोन बंक. जहाज किंचित डुलत होतं, कपाटातला हँगर एका तालात खटखट करत होता. आईनं दिवा लावला नाही. अंधारातच फडक्याची गाठ सोडली, चटणीची डबी उघडली, आणि लसणाचा वास त्या वातानुकूलित खोलीत असा भरला की मला क्षणभर परतूरचं स्टेशन आठवलं. लेकरानं मांडी घालून दीड धपाटा खाल्ला. उरलेला अर्धा आईनं संपवला. दोन मी खाल्ले, एक बायकोनं. तिकिटात सगळं जेवण होतं आणि आम्ही अंधारात चोरासारखे धपाटे खात होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही डाव आखला: पावणेनऊची वाट बघायची नाही, वरच्या बुफेत सहाला जेवू घालायचं. पण सहाला बुफे बंद. साडेचारपासून चहाचं टेबल तेवढं होतं, त्यावर तीन थरांचे केक. पोरानं दोन खाल्ले. ही त्याच्या मागं, मी हिच्या मागं, दाजी मोबाईल घेऊन आमच्या सगळ्यांच्या मागं. केकनं भूक मरते, पण झोप येत नाही. उलट पळायचं बळ येतं. पोहण्याच्या टाकीभोवती त्यानं अकरा फेऱ्या मारल्या.

त्याला धरायला पळताना साडेपाचच्या सुमाराला मला कोपऱ्यात तीन टेबलं मांडलेली दिसली. वाफाळता भात, वरण, फुलके, दोन भाज्या. वीस-पंचवीस माणसं शांतपणे जेवत होती. जैन भोजन, सूर्यास्ताच्या आत. अख्ख्या जहाजावर कसल्या कसल्या वेळा छापल्या होत्या, आणि ही मंडळी आपली आकाशाकडं बघून जेवत होती. एका आजोबांनी आमची वरात बघितली आणि ताट सरकवलं. "बसवा इथं. कांदा, लसूण, बटाटा मात्र मिळायचा नाही हं."

बटाटा नाही म्हटल्यावर मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. लेकरानं ताटाकडं पाहिलं. वरण घट्ट होतं. फुलका त्यानं स्वतःच कुस्करला. बटाट्याच्या तीन फोडींच्या जागी आजोबांनी कच्च्या केळ्याच्या तीन फोडी ठेवल्या. त्यानं मोजल्या, तीन भरल्या, आणि जेवायला लागलं. मागं सूर्य पाण्याला टेकला होता. आई आजोबांना म्हणाली, "तुमच्यात लेकरं वाढवणं सोपं हाय बघा." ते म्हणाले, "आमच्यात लेकरं रात्री काय मागतात ते आम्हाला विचारा."

सात वाजता लेकरू झोपलं, खोलीत, पलंगावर, आडवं. असं दृश्य या सफरीत पहिल्यांदाच. आई त्याच्याजवळ थांबली आणि आम्ही दोघं पावणेनऊच्या पंगतीला मोठ्या दिमाखात गेलो. पण मघाशी पोराच्या ताटातलं उरलेलं मी, आणि माझ्या ताटातलं हिनं, असं आमचं साडेपाचलाच जेवण झालं होतं. सूप आलं, गेलं. पनीर आलं, गेलं. दाजी म्हणाले, "अरे, खा ना, पैसे भरलेत." घास उतरेना.

रात्री साडेअकराला मी जागा झालो. पोटात आग पडलेली. हँगर खटखटत होता.

"आई," मी कुजबुजलो. "धपाटे आहेत का?"

"एक हाय."

"दे की."

"लेकराचा हाय त्यो. उठलं तर काय देऊ?"

आम्ही दोघं अंधारात लेकराकडं बघत बसलो. ते काही उठेना. बऱ्याच वेळानं फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज आला. आईनं धपाटा मधोमध मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा परत बांधायला घेतला.

तेवढ्यात वरच्या बंकवरून एक हात खाली आला.

"मला बी," बायको म्हणाली.