फ्रिजमधला हिवाळा

आमच्या जऊळक्यात कांदा एक तर भाजीत जातो, नाहीतर बुक्की मारून भाकरीसोबत. तिसरा उपयोग गावाला ठाऊक नाही. त्यामुळे हायसिंथचे कांदे पुण्याहून मागवून मी ते अडीच-तीन महिने फ्रिजात राहतील असं जाहीर केलं, तेव्हा आईनं निवडायची मेथी बाजूला ठेवून विचारलं, "काहून रे, कांद्याले ताप आला का?"

ताप नव्हे, थंडीच हवी असते त्याला. हे फूल मूळचं तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचं. कांद्याच्या पोटात कळी आधीच तयार असते, पण नऊ अंशांखाली दहा-बारा आठवडे काढल्याशिवाय तिचा दांडा नीट वर येत नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यात डिसेंबरात चार रात्री शेकोटी पेटते आणि पाचव्या दुपारी पंखा लागतो. हरभऱ्याचं तेवढ्यावर भागतं. हायसिंथचं भागत नाही.

कांदे आत गेले आणि फ्रिजचे कायदे बदलले. पिकल्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्यानं आतली कळी जळते. म्हणून सफरचंदं, केळी, पेरू हद्दपार. "उद्या मलेही बाहेर काढसान," बायको म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. संसार असाच टिकतो. लाईन गेली की घरातले सगळे पंख्याकडे बघायचे आणि मी फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभा राहायचो. दूध मागणाऱ्याला कारण विचारायचो.

अशात अकोल्याच्या गाडीनं आत्याबाई आल्या. सकाळी पोह्यांची तयारी स्वतःहून हाती घेतली. जांभळ्या फुलाच्या हायसिंथची सालही जांभळी असते, त्यामुळे त्यांना तो कांदा दिसायला चांगलाच वाटला. मी पोचलो तोवर विळीवर एक उभा चिरलेला, आणि आत्याबाई कराकरा तळवे खाजवत होत्या. "असा कसा रे कांदा? डोयाले पानी नाही अन् हाताले खाज!" सुरणात असतात तसलेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. पोटात गेला तर मळमळ, उलट्या. पोहे वाचले, कांदा गेला. त्या दिवशी मी एकटाच सुतकात होतो.

उरलेल्यांपैकी काही कुंडीत लावले. आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कांदा सडवते, म्हणून निम्मी रेती घातली. एक मात्र हौसेनं पाण्यावर ठेवला. त्यासाठी युरोपात खास गळ्याचे काचेचे पेले मिळतात; आम्ही लोणच्याची बरणी धुतली. पाणी कांद्याच्या बुडाला टेकू द्यायचं नाही, बोटभर खाली ठेवायचं. मुळं ते शोधत जातात. बरणी सोयाबीनच्या पोत्यांमागे अंधारात. पांढरी मुळं दोऱ्यांच्या लडीसारखी खाली उतरली तेव्हा बघायला शेजारची पोरं आली, आणि मग पोरांना शोधायला त्यांच्या आयाही.

हॉलंडात या कांद्यांनी याहून मोठी माणसं नादी लावली. 1637 मधला ट्युलिपचा सट्टा सगळ्यांना माहीत असतो. शंभरेक वर्षांनी, 1730च्या दशकात तिथं हायसिंथचे भाव असेच चढले आणि कोसळले. माझं नुकसान सफरचंदांपुरतंच.

फेब्रुवारीत फूल आलं. पण दुपार तापायला लागली होती, दांडा धड वर आलाच नाही. पानांच्या बेचक्यातच सगळी फुलं दाटीवाटीनं उमलली. वास मात्र ओसरीपर्यंत. आईनं वाकून हुंगलं आणि निकाल दिला, "वास बरा हाय. पन गुलछडी काय वाईट व्हती? तिले फ्रिज नाही लागत."

गुलछडीही परदेशीच, मेक्सिकोची. पण ती वऱ्हाडाच्या उन्हात रुळली, लग्नाच्या हारात जाऊन बसली. हायसिंथ इथं एकदाच फुलतं. पुढच्या वर्षासाठी कांदा जपून ठेवावा तर आमच्या उन्हाळ्यात तो बहुधा टिकत नाही. तेव्हा पाहुणा म्हणूनच आणा. ऑक्टोबरात कांदे घ्या, कागदी पिशवीत घालून फ्रिजात ठेवा, पिशवीवर ठळक अक्षरांत 'विषारी' लिहा आणि पोहे तुम्हीच करा.