नवतीच्या भावात पिलबाग

रावेर

परमस्नेही संगणकवैद्य भाऊसाहेब यांस,
स. न. वि. वि.

जुनी हार्ड डिस्क 'गेली' असे निदान एका नजरेत करून आपण तिथल्या तिथे नवीकोरी बसवून दिलीत. आभार कसे मानू?

तिचा नवेपणा फारच मुरलेला निघाला. भाच्याने तिचा आरोग्यतक्ता उघडला, तर 'पॉवर ऑन अवर्स'पुढे २६,०००! वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे बाईसाहेब जवळजवळ तीन वर्षे अहोरात्र राबून माझ्याकडे आल्या. पिलबागेची (खोडव्याची) केळी नवतीच्या (नव्या लागवडीच्या) भावात खपवणे आमच्या व्यापाऱ्यांनाही अजून जमलेले नाही. शिकवणी घ्याल?

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर 'डिस्कमध्ये त्रुटी' उमटल्या. "काही नाही भो, व्होल्टेजचा लोचा आहे," म्हणालात. मग ऊन. मग माझे नशीब. खान्देशातल्या उन्हावर काय काय ढकलता येते, हे आपल्यामुळे कळले.

"रात्री चेक डिस्क लावून झोपा," हा आपला सल्लाही मोलाचा. मध्यरात्री वीज गेली, पुन्हा लावले. सकाळी लेकीच्या हळदीचे फोटो 'फाउंड डॉट ०००' नावाच्या फोल्डरात सापडले. नावे 'फाईल ०००० डॉट सीएचके' अशी. आता कुठला फोटो कुणाचा, हे ओळखण्याचा खेळ घरात रोज रंगतो.

पण खरा उपकार पुढेच. तक्त्यात 'सीआरसी एरर'चा आकडा वाढत होता. माहिती डिस्क आणि मदरबोर्डच्या वाटेत बिघडली की तो वाढतो. बहुधा दोष साटा केबलचा. भाच्याने केबल बदलली, आकडा जागीच थांबला. (तो कमी मात्र कधीच होत नाही. आपल्या बिलासारखा.) 'पेंडिंग सेक्टर' तरीही वाढतच आहेत, ते पाप केबलचे नव्हे, आपल्या नव्याकोऱ्या डिस्कचे.

तेव्हा मनात पाल चुकचुकली: जुनी डिस्क मुळात ठणठणीतच तर नव्हती ना? जुनीच केबल नव्या डिस्कला जोडण्याची काटकसर आपण केलीत म्हणून तर हा प्रश्न पडला! जुनी परत मागायला आलो, तर "भंगारात दिली" म्हणालात.

ती कुणाकडे 'नवीकोरी' म्हणून नांदत असल्यास एवढा निरोप द्यावा: तिच्यात माझी केळीच्या उधारीची यादी आहे. वसुली झाली, तर निम्मी आपली.

कळावे, लोभ असावा.

आपले हक्काचे गिऱ्हाईक